जवळून गोळी लागूनही हरीण माग न सोडता निसटते: लिव्हर-ॲक्शन रायफलीसाठी काडतुसाची निवड

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी पेनसिल्व्हेनियात हरणांसाठी रायफलीचा हंगाम सुरू होतो आणि त्याबरोबर एक जुनी तक्रारही दरवर्षी नव्याने ऐकू येते. तीस-चाळीस यार्डांवर उभ्या असलेल्या व्हाइटटेल हरणावर .30-30 काडतुसाच्या लिव्हर-ॲक्शन, म्हणजे खालची कडी ओढून पुढचे काडतूस भरणाऱ्या, रायफलीने बार टाकला, हरीण दचकले, गोळी लागल्याचे स्पष्ट दिसले, पण ते झाडीत शिरले आणि जमिनीवर रक्ताचा थेंबही सापडला नाही. पुढे कधी ते शंभर पावलांवर मरून पडलेले आढळते, कधी सापडतच नाही. जखमी जनावर हातचे जाणे ही शिकाऱ्यासाठी सर्वांत वाईट गोष्ट आहे, म्हणून या प्रश्नाचा विचार सावकाश आणि नीट व्हायला हवा. बहुतेक जण मात्र घाईने काडतुसांचा दुसऱ्या कंपनीचा खोका घेऊन मोकळे होतात आणि पुढच्या वर्षी तीच तक्रार घेऊन परत येतात.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळ-सांबराची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे पुढचे सर्व विवेचन अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीपुरते आहे. इथे राहणाऱ्या आणि सहकाऱ्यांबरोबर जंगलात जाऊ लागलेल्या मराठी मंडळींनी एक गोष्ट काडतुसे विकत घेण्यापूर्वीच लक्षात घ्यावी. एच-1बी किंवा तत्सम बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूकच नव्हे, तर काडतुसेही जवळ बाळगता येत नाहीत. या बंदीला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला नेहमी उपयोगी पडणारा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार-परवाना हाती असणे. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अट लागू होत नाही. तेव्हा आधी प्रशिक्षण, मग परवाना आणि त्यानंतर दुकान, हाच क्रम ठेवावा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. काडतूस बदलण्याआधी गोळी नेमकी कुठे लागली आणि तिने आत काय केले हे समजले पाहिजे, आणि ते सांगणारा सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे सापडलेले हरीण. सोलताना घाई करू नये. गोळी जिथून आत गेली ते छिद्र, बरगड्यांमधला तिचा मार्ग, फुफ्फुसांची अवस्था आणि पलीकडची बाजू या चारही गोष्टी क्रमाने पाहाव्यात. पलीकडे छिद्र नसेल, तर त्या बाजूच्या कातडीखाली बोटांनी चाचपावे. तिथे बहुधा काळसर रक्ताच्या साकळलेल्या थरात चेपलेली गोळी अडकलेली असते. ती धुऊन, वाळवून ग्रेनच्या लहान तराजूवर तोलली, की पुष्कळ उलगडा होतो. 150 ग्रेनच्या, म्हणजे सुमारे पावणेदहा ग्रॅमच्या गोळीतून केवळ तांब्याचे मुरगळलेले आवरण उरले असेल आणि शिशाचा गाभा वाटेतच विखुरला असेल, तर गोळी त्या वेगाला आणि त्या हाडाला पुरी पडली नाही असे समजावे. याउलट गोळी छत्रीसारखी उमलली असेल, तिचे बरेचसे वजन शिल्लक असेल आणि तरीही ती कातडीशी येऊन थांबली असेल, तर गोळीने आपले काम केले आहे, फक्त पलीकडे जाण्याइतका जोर तिच्यात उरला नव्हता. आणि पलीकडे छिद्र आहे, पण ते आत जाणाऱ्या छिद्राएवढेच लहान आहे आणि फुफ्फुसांत बारीक बोगदा तेवढा पडला आहे, असे दिसल्यास गोळी उमललीच नाही. या तीन दोषांवरचे उपाय वेगवेगळे आहेत, किंबहुना पहिल्याचा उपाय तिसऱ्याला लागू केला तर दोष वाढतो.

हरीण सापडलेच नाही, तर बार झाला त्या जागेवरचा पुरावा वाचावा लागतो. फेसाळ, गुलाबी रक्त फुफ्फुसाचे असते. गडद, विटकरी झाक असलेले रक्त यकृताचे असते. रक्तात हिरवट, आंबूस वासाचा चारा मिसळलेला दिसला, तर गोळी पोटात गेली आहे. लालभडक रक्त सुरुवातीला भरपूर दिसून पुढे माग तुटत गेला, तर बहुधा गोळीने मांसाला चाटून जखम केली आहे. गोळी छातीत लागल्याची खात्री असली तरी अर्धा तास जागेवरून हलू नये, यकृताची शंका असल्यास निदान चार तास थांबावे आणि पोटात लागली असेल तर सहा-आठ तास त्या दिशेने जाऊच नये. लगेच पाठलाग केला, की बसलेले हरीण उठून मैलभर जाते. पोटात किंवा मांडीत लागलेल्या गोळीला जगातले कोणतेही काडतूस सावरू शकत नाही, आणि ज्या तक्रारी काडतुसावर ढकलल्या जातात त्यांतला मोठा वाटा खरे तर नेमाचा असतो, हे मी ठामपणे सांगू इच्छितो.

रक्त न दिसण्याचे आणखी एक कारण भूमितीचे आहे आणि ते फारसे कोणी लक्षात घेत नाही. व्हाइटटेलची शिकार अनेकदा झाडाला बांधलेल्या मचाणावरून केली जाते. मचाण 20 फूट उंचीवर असेल आणि हरीण 20 यार्डांवर असेल, तर गोळी सुमारे 18 अंशांच्या उतारावर जाते आणि फूटभर रुंदीच्या छातीत आत शिरल्यापासून पलीकडे पोहोचेपर्यंत चारेक इंच खाली उतरते. हेच हरीण 10 यार्डांवर आले, तर उतार जवळजवळ दुप्पट होतो आणि गोळी आठ इंच खाली जाते. अशा वेळी आत जाणारे छिद्र पाठीच्या जवळ, उंचावर असते. गोळी पलीकडे निघाली नाही, तर फुफ्फुसांतले सगळे रक्त छातीच्या पोकळीत साचत राहते आणि त्या उंच छिद्रापर्यंत पोहोचण्याआधीच हरीण पन्नास-शंभर यार्ड धावून जाते. त्याच्या हृदय-फुफ्फुसांची पूर्ण नासाडी झालेली असते, पण जमीन कोरडीच राहते. म्हणून मचाणावरून शिकार करणाऱ्यासाठी जवळच्या अंतरावरच्या काडतुसाची पहिली कसोटी ही, की गोळीने पलीकडे, खालच्या बाजूला दुसरे छिद्र पाडले पाहिजे. खोक्यावर छापलेल्या ऊर्जेच्या आकड्यापेक्षा मी या कसोटीला कितीतरी अधिक मोल देतो.

ही कसोटी मनात ठेवून .30-30 विंचेस्टरकडे पाहू. हे काडतूस 1895 मध्ये विंचेस्टरच्या 1894 मॉडेलसाठी बाजारात आले. ती रायफल जॉन ब्राउनिंगने रचलेली होती, आणि अमेरिकेत धूररहित दारूवर चालणारे शिकारीचे पहिले लहान व्यासाचे काडतूस तेच. पुढे 1948 पासून आलेल्या मार्लिन 336 या रायफलीने त्याचा प्रसार आणखी वाढवला. आज दुकानात त्याची दोन रूपे सहज मिळतात. 150 ग्रेनची गोळी सेकंदाला 2,390 फुटांच्या वेगाने निघते आणि 170 ग्रेनची 2,200 फुटांच्या. हे वेग कारखान्याच्या 24 इंची चाचणी-नळीतले आहेत. आपल्या हातातल्या 20 इंची नळीच्या कार्बाइनमधून, म्हणजे आखूड रायफलीतून, प्रत्यक्ष वेग शंभरेक फुटांनी कमी मिळतो. 100 यार्डांपर्यंत 150 ग्रेनची गोळी 2,000 फुटांच्या आसपास उतरते आणि 170 ग्रेनची 1,900 च्या. याचा अर्थ असा, की जवळच्या अंतरावर गोळी तिच्या सर्वाधिक वेगाने आदळते आणि नेमक्या याच वेगात तिचे विखुरणे सर्वांत जास्त होते. अंतर कमी म्हणजे हलकी गोळी चालेल, हा समज म्हणूनच उलटा आहे.

हरीण आडवे उभे असेल आणि गोळी केवळ बरगड्यांतून जाणार असेल, तर 150 ग्रेनची साधी, मऊ शिशाच्या टोकाची गोळी उत्तम काम करते आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण झाडीत हरीण नेहमी आपल्या सोयीने उभे राहत नाही. ते तिरके असते, कधी पुढच्या पायाचे हाड वाटेत येते, आणि त्या हाडावर पूर्ण वेगात आदळलेली हलकी गोळी पलीकडच्या कातडीपर्यंत पोहोचेलच याची हमी देता येत नाही. ज्यांच्या हरणांत गोळीचे तुकडे सापडतात किंवा पलीकडे छिद्र पडत नाही, त्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्तातला बदल म्हणजे 170 ग्रेनची गोळी घ्यावी. रेमिंग्टनची कोअर-लोक्ट, विंचेस्टरची पॉवर-पॉइंट, फेडरलची पॉवर-शॉक यांपैकी ज्या गोळीचा आपल्या रायफलीतून गठ्ठा (एकाच नेमाने टाकलेल्या बारांच्या छिद्रांचा पुंजका) नीट बसेल ती घ्यावी. त्यांच्यातला फरक शंभर यार्डांच्या आत तुमच्या नेमाच्या फरकापेक्षा लहान आहे. एवढ्याने भागले नाही, तर ज्या गोळीचा शिशाचा गाभा आवरणाशी जोडून टाकलेला असतो अशी गोळी घ्यावी. फेडरलची फ्यूजन याच जातीची, आणि 2021 मध्ये त्यांनी खास लिव्हर रायफलींसाठी आणलेली हॅमरडाउनही. ती महाग पडते, पण हाड फोडूनही वजन राखते. 125 ग्रेनच्या पोकळ टोकाच्या हलक्या गोळ्या मात्र हरणासाठी मी कोणालाही सुचवणार नाही, मग त्यांचा धक्का खांद्याला कितीही सौम्य वाटो.

एका मोहाचा येथे उल्लेख करायला हवा. हॉर्नडीची लेव्हरएव्होल्यूशन ही काडतुसे मऊ, लवचीक टोकामुळे टोकदार गोळी वापरू शकतात, त्यामुळे गोळी दूरवर वेग टिकवते आणि लिव्हर रायफलीचा पल्ला खरोखर वाढतो. ज्याला कापणी झालेल्या मक्याच्या शेतात 150-200 यार्डांवर बार टाकायचा आहे, त्याने ती अवश्य घ्यावीत. पण ज्याचे हरीण हेमलॉकच्या दाट झाडीत 40 यार्डांवर दिसते, त्याला त्या टिकवलेल्या वेगाचा काही उपयोग नाही. त्याने सपाट टोकाची जड गोळीच पसंत करावी. टोकाबद्दलचा मूळ नियम तर कधीही मोडू नये: नळीच्या आकाराच्या मॅगझीनमध्ये काडतुसे एकामागे एक आडवी असतात, प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीवर, टेकलेले असते, आणि कठीण अणकुचीदार टोक असेल तर धक्क्याने तो प्राइमर पेटू शकतो. म्हणून सपाट टोक, गोल टोक किंवा याच कामासाठी घडवलेले मऊ टोक, एवढेच या मॅगझीनमध्ये घालावे. कोणी हाताने भरलेली काडतुसे दिली, तर आधी टोक तपासावे आणि मगच ती स्वीकारावीत.

तांब्याच्या गोळीचा प्रश्न कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी निवडीचा राहिलेला नाही. तिथे 1 जुलै 2019 पासून कोणत्याही वन्यप्राण्याच्या शिकारीसाठी शिशाची गोळी वापरता येत नाही. संपूर्ण तांब्याची 150 ग्रेनची सपाट टोकाची गोळी जवळच्या अंतरावर चांगली उमलते, जवळजवळ सगळे वजन राखते आणि बहुधा पलीकडे निघून जाते, म्हणजे आपल्या मूळ तक्रारीवर ती उपायच आहे. तिला उमलायला पुरेसा वेग मात्र लागतो, म्हणून लांबच्या बारासाठी तिच्यावर विसंबू नये. इतर राज्यांतही, घरात लहान मुले किंवा गर्भवती स्त्री हे मटण खाणार असेल, तर मी तांबेच सुचवीन. शिशाचे कण जखमेपासून बरेच दूरवर, डोळ्यांना न दिसणाऱ्या आकारात पसरतात. 2008 मध्ये नॉर्थ डकोटात शिकाऱ्यांनी दान केलेल्या हरणाच्या मटणात शिसे आढळल्यावर अन्नछत्रांना ते फेकून देण्याचा सल्ला देण्यात आला होता. शिशाची गोळी वापरलीच, तर जखमेभोवतीचे काळेनिळे, साकळलेले मांस हात राखून न कापता सढळपणे काढून टाकावे आणि खिम्यात मिसळू नये.

आता तिसरा दोष, म्हणजे गोळी न उमलता आरपार जाणे. .30-30 मध्ये तो क्वचित दिसतो, पण .45-70 मध्ये वारंवार. 1873 च्या या लष्करी काडतुसाची आज अस्वलांपासून बचावासाठी जड, कठीण शिशाच्या ओतीव गोळ्यांची रूपे मिळतात, आणि जोरकस म्हणजे चांगले असे समजून ती हरणासाठी घेतली जातात. कठीण ओतीव गोळी साठ-सत्तर किलोच्या हरणातून न थांबता, फारशी न उमलता जाते. तिचे छिद्र मोठे असते खरे, पण फुफ्फुसांवरचा परिणाम मंद असतो आणि हरीण बरेच धावते. हरणासाठी 300 ग्रेनची पोकळ टोकाची किंवा 405 ग्रेनची मऊ टोकाची गोळी पुरते. यातली दुसरी सेकंदाला 1,330 फुटांनी निघते, खांद्याला सोसवते, मांसही कमी नासवते आणि शंभर यार्डांच्या आत तिच्यापेक्षा अधिक कशाचीही गरज पडत नाही. मार्लिन 1895 या लिव्हर रायफलीसाठीची तेज काडतुसे जुन्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड रायफलीत कधीही घालू नयेत, कारण त्या रायफलीची रचना तो दाब सहन करण्यासाठी केलेली नाही.

.44 मॅग्नमच्या लिव्हर कार्बाइनमध्ये नेमका उलटा घोळ होतो. रिव्हॉल्व्हरसाठी घडवलेली पोकळ टोकाची गोळी तिथल्या वेगात उमलावी अशी बनवलेली असते. तीच गोळी कार्बाइनच्या लांब नळीतून सेकंदाला 1,700 फुटांहून अधिक वेगाने निघाली, की जवळच्या हरणावर आदळताच पृष्ठभागाशी फुटते आणि रुंद पण उथळ जखम करते. इथे 240 ग्रेनची मऊ टोकाची किंवा गाभा जोडलेली गोळी घ्यावी. .357 मॅग्नममध्येही 125 ग्रेनच्या पोकळ गोळ्या टाळून 158 ते 180 ग्रेनच्या मऊ टोकाच्या गोळ्या वापराव्यात आणि अंतर आणखी कमी ठेवावे. ओहायोत 2014 पासून सरळ भिंतीच्या (तोंडाशी निमुळते न होणाऱ्या) पितळी कवचाच्या काडतुसांना हरणासाठी परवानगी मिळाल्यावर या कार्बाइनींची मागणी बरीच वाढली. 2023 मध्ये आलेले .360 बकहॅमर तर अशाच राज्यांना समोर ठेवून लिव्हर रायफलीसाठी घडवले आहे आणि त्याची 200 ग्रेनची गोळी सेकंदाला 2,200 फुटांनी निघते. कोणत्या राज्यात कोणती लांबी आणि कोणता व्यास चालतो हे त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत पाहूनच खरेदी करावी. न्यू जर्सीत तर हरणासाठी अशी रायफल चालतच नाही, तिथली मंडळी शॉटगन तरी वापरतात किंवा सीमा ओलांडून आमच्याकडे पेनसिल्व्हेनियात येतात.

झाडीबद्दलचा एक समज निवडीच्या आड येतो. जड, गोल टोकाची गोळी फांद्या तोडत सरळ जाते असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे, पण बोटाएवढ्या फांदीला लागल्यावर प्रत्येक गोळी वाट बदलते, फरक फक्त कमी-अधिकाचा. फांदी हरणाच्या अगदी लगत असेल तर ही चूक लहान राहते, मधल्या अंतरावर असेल तर छातीवर धरलेला नेम पोटात उतरतो. मोकळी फट मिळेपर्यंत थांबणे हाच त्यावरचा उपाय आहे.

काडतूस बदलले, की रायफलीचा नेम पुन्हा बसवावा लागतो, आणि ज्यांनी तो बसवला नाही त्यांना नव्या गोळीतही जुनाच दोष दिसतो. 150 वरून 170 ग्रेनवर आल्यावर एकाच रायफलीचा गठ्ठा काही इंचांनी सरकू शकतो. 170 ग्रेनची गोळी 100 यार्डांवर नेमक्या बिंदूला बसवली, तर 50 यार्डांवर ती जेमतेम अर्धा इंच वर लागते आणि 150 यार्डांवर चार-पाच इंच खाली, म्हणजे झाडीतल्या शिकारीत नेमाचा वेगळा हिशेब करावाच लागत नाही. बार टाकताना दोन बारांमध्ये नळी थंड होऊ द्यावी. लिव्हर कार्बाइनमध्ये मॅगझीनची नळी आणि पुढचे लाकूड मुख्य नळीला पट्ट्यांनी जखडलेले असते, त्यामुळे ती तापली की गोळ्या सरकू लागतात, आणि हरणावर तर पहिला बार थंड नळीतूनच जाणार असतो. बाकावर बसून नेम बसल्यावर दोन-चार बार मचाणावर बसतो त्याच बैठकीतून टाकून पाहावेत.

शेवटी भरण-उपसणीच्या दोषाविषयी. हंगामात रोज सकाळी मॅगझीन भरायचे आणि संध्याकाळी लिव्हर मागेपुढे करून रिकामे करायचे, या क्रमात तीच तीच काडतुसे पुन्हा पुन्हा चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसण्याच्या जागेच्या, तोंडाशी आपटतात. मऊ शिशाचे टोक चेपते, कधी गोळी पितळी कवचात आत ढकलली जाते, आणि मग काडतूस अडकते किंवा त्यातला दाब बदलतो. संध्याकाळी रिकाम्या केलेल्या प्रत्येक काडतुसाची लांबी नव्या काडतुसाशेजारी उभी धरून पाहावी, आत गेलेली गोळी असलेले काडतूस बाजूला काढावे आणि टोक चेपलेली काडतुसे सरावासाठी ठेवावीत. तरीही दुसरे काडतूस पहिल्याखाली सरकून लिव्हर मध्येच अडत असेल, तर तो दोष काडतुसाचा नसून बहुधा झिजलेल्या कॅरिअरचा, म्हणजे काडतूस वर उचलणाऱ्या भागाचा, असतो. मार्लिनच्या जुन्या रायफलींत तो ओळखीचा आहे आणि बंदूक-कारागीर तो दुरुस्त करून देतो. नेम ज्या खोक्यातल्या काडतुसांनी बसवला, त्याच लॉट क्रमांकाचे आणखी एक-दोन खोके त्याच वेळी घेऊन ठेवावेत, कारण हंगाम तोंडावर आला की 170 ग्रेनची काडतुसे दुकानांतून सर्वांत आधी संपतात.